मी मागनं येतो

वृषाली इंगवले बाकावर आडवी होते ती नुसती पाठ टेकायला. झोपायचा तिचा विचार नाही. आंबा घाट उतरायच्या ऐन आधी ग्रुपमधल्या रेवतीच्या मोटारसायकलचं मागचं चाक बसलंय, पंक्चर काढणारा खालून साखरप्याहून यायचाय, आणि तोवर सगळ्याजणी चहाच्या टपरीवर विसावल्यात. मे महिन्यातली दुपार. टपरीमागं फणसाचं झाड आणि त्याखाली सिमेंटचा बाक. जॅकेटची घडी उशाला घेऊन ती डोळे मिटते. पलीकडं स्टोव्ह फुरफुरतोय, कपबश्या वाजतायत, कुणीतरी आपल्या नवऱ्याची नक्कल करून दाखवतंय आणि बाकीच्या हसतायत. हसणं हळूहळू लांब जातं. स्टोव्ह तेवढा मागं राहतो. मग त्याचाही आवाज बदलतो. उभ्या जागी धडधडणाऱ्या बुलेटसारखा होतो, आणि बाकाच्या सिमेंटमधून तिच्या पाठीला जाणवायला लागतो.

"पाय घे जरा," कुणीतरी म्हणतं.

वृषाली पाय जवळ घेते. पायथ्याशी कुणी बसतं, बसताना दमल्यासारखा एक लांब सुस्कारा सोडतं. तो सुस्कारा वृषाली ओळखते, आणि मान वळवायची तिची छाती होत नाही.

हा सुस्कारा दिलशाद मुजावरचा. आणि दिलशाद मागच्या वर्षी, गणपती जाऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच, गेली.

कोल्हापुरातल्या या बायकांच्या ग्रुपचं नाव ‘रानवाट’. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकली काढायच्या, कुठल्यातरी घाटातून कुठल्यातरी गावी जायचं, जेवायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचं, एवढाच त्यांचा उद्योग. दिलशाद त्यात सुरुवातीपासूनची. मुलींच्या हायस्कुलात भूगोल शिकवायची. माहेर रत्नागिरीकडं, पावसच्या पुढं समुद्राकाठी, सासर कोल्हापुरात. कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल बोलताना पुरुषासारखं ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. दिलशादनं लग्नानंतर ते इतकं मनावर घेतलं की तिच्यापुढं इथंच जन्मलेली वृषालीसुद्धा पुण्याची वाटावी.

ग्रुपमध्ये तिची जागा ठरलेली होती. सगळ्यात शेवटी. निघताना ती हात वर करून म्हणायची, "व्हा पुढं, मी मागनं येतो." कुणाची गाडी बंद पडली, कुणी वळणावर घाबरून थांबलं, की थोड्या वेळानं आरशात तिच्या बुलेटचा दिवा दिसायचा. वृषाली गाडी शिकली ती पस्तिशी उलटल्यावर, मसाला कांडपाचं दुकान जरा मार्गी लागल्यावर. पहिल्या घाटात तिनं रस्ता कमी आणि आरसा जास्त बघितला होता.

इतकी वर्षं गाडी चालवून दिलशादला साधं खरचटलं नाही. तिला नेलं रक्ताच्या आजारानं. मिरजेच्या दवाखान्यात होती. प्रकृती बिघडल्याचा फोन आला तेव्हा वृषाली दुकानातली मिरची तशीच टाकून गाडीवर बसली आणि सुटली. आत सोडलं ते अगदी थोडा वेळ. दिलशादच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. वृषालीला बघून तिचे ओठ हलले. काहीतरी म्हणाली ती. एकदा म्हणाली, मग पुन्हा म्हणाली. मशिनाच्या आवाजात एक अक्षर कळलं नाही. वृषाली वाकून कान जवळ नेणार तोवर नर्सनं वेळ संपल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे दिलशाद गेली.

त्यानंतर दिलशादची आठवण काढायला डोळे मिटले की वृषालीला तो सुजलेला, मास्कखालचा चेहराच दिसायचा. हसरा, नेहमीचा चेहरा काही केल्या समोर येईना. फोनमधले फोटो बघितले तर ते दुसऱ्याच कुणाचे वाटत. आणि मातीच्या दिवशी दिलशादची आई, अम्मा, घरात सगळ्या बायकांमधून वाट काढत तिच्यापाशी आली होती. तिनं वृषालीचे दोन्ही हात धरून विचारलं होतं की तिच्याजवळ शेवटी तूच होतीस, ती काय बोलली? वृषाली म्हणाली, सांगतो, नंतर सांगतो. ते नंतर आलंच नाही. अम्मानं दोनतीनदा निरोप धाडले, वृषालीनं काही ना काही निमित्त काढून टाळलं. कांडपावर उभं राहून तिनं ते ओठ मनातल्या मनात हजारदा हलवून बघितले. पोरांना सांभाळ, असं म्हणाली असेल? आईला निरोप? मला वाचव? काय वाटेल ते त्या ओठांवर बसायचं.

आज ग्रुप दिलशादच्या आठवणीत निघालाय, तो अम्माच्याच घरी. तिनंच सगळ्यांना जेवायला बोलावलंय. सकाळपासून वृषालीच्या घशाखाली चहासुद्धा उतरलेला नाही.

आणि आता दिलशाद पायथ्याशी बसलीय.

वृषाली तिच्याकडं बघत नाही. तिच्या हातांकडं बघते. बोटं उन्हानं रापलेली, पण हातांची पाठ उजळ, अर्ध्या बोटांचे हातमोजे वापरणाऱ्या माणसाचे हात. करंगळीच्या नखात ऑइलची काळी रेघ.

"झोपलीस होय?" दिलशाद विचारते.

"नाही. पंक्चर काढायला माणूस यायचाय."

"येईल की. साखरप्यात त्याला आधी जेवू दे."

हे वृषालीला अगदी बरोबर वाटतं. मेलेल्या माणसाला पंक्चरवाल्याच्या जेवणाची वेळ माहीत असावी, यात तिला नवल वाटत नाही. ती उठून बसते. पाय खाली सोडते तर खाली फणसाची पानं नाहीत, गार फरशी आहे. बाक तोच, पण तो आता मिरजेच्या दवाखान्याच्या लांब कॉरिडॉरमध्ये आहे. भिंतीला लावून ग्रुपच्या गाड्या ओळीनं उभ्या आहेत, साइड स्टँडवर, एकीकडं कललेल्या, जशा टपरीपुढं होत्या तशाच. फरशीच्या मधोमध रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओढलाय. एक नर्स हातात सलाइनची बाटली घेऊन त्या पट्ट्याच्या डाव्या बाजूनं, शिस्तीत, चालत जाते. गाड्यांबद्दल काही बोलत नाही.

"इथं नको," वृषाली म्हणते.

"इथंच. तुलाच विचारायचंय ना?"

त्या दोघी दरवाजातून आत जातात. खोली तीच. मशीन तेच, पण बंद. त्या बंद मशिनामुळं खोलीत इतकी शांतता आहे की बाहेरचा कावळा ऐकू येतो. पलंग रिकामा आहे आणि चादर नीट घातलेली. दिलशाद पलंगाच्या कडेला बसते, बुटांसकट. वृषाली अजूनही तिच्या गुडघ्यांकडंच बघतेय. वर बघितलं आणि तो चेहरा असला तर?

"विचार की," दिलशाद म्हणते.

"तू त्या दिवशी दोनदा काहीतरी म्हणालीस. मला ऐकू आलं नाही. मी वाकणार होतो, तोवर ती बाई आली." वृषाली पलंगाची दांडी धरते. "काय म्हणत होतीस?"

दिलशाद डोळे बारीक करून छताकडं बघते. ती आठवतेय. वर्गात एखाद्या मुलीनं अवघड प्रश्न विचारल्यावर ती अशीच वर बघायची, असं तिच्या विद्यार्थिनी सांगायच्या.

"हेल्मेट," ती शेवटी म्हणते.

"काय?"

"तू गडबडीत हेल्मेट घेऊनच आत आलीस. आणि ठेवलंस कुठं, तर माझ्या पायांवर. ब्लँकेटवर. मी म्हणत होतो, हेल्मेट काढ. मग परत म्हणालो, अगं बाई, हेल्मेट काढ."

हेल्मेट. मिरजेच्या दवाखान्यात पार्किंगमधून ती पळत सुटली होती, हेल्मेट हातातच राहिलं होतं, दारावरच्या माणसानं ते ठेवून घ्यायला नकार दिला होता. पलंगाशी आल्यावर दिलशादचा हात धरायला तिनं ते खाली ठेवलं. खाली म्हणजे कुठं, हे तिनं बघितलं नव्हतं. पण आता तिला ब्लँकेट आठवतं. पायाशी ते हलत होतं. एकसारखं हलत होतं, आणि तिला तेव्हा वाटलं होतं की हे शेवटचं तडफडणं आहे. तिनं ते अम्मालाच काय, कुणालाच सांगितलं नव्हतं.

"पाय हलवत होतीस," ती म्हणते.

"मग काय करणार? पाडायला बघत होतो. पडेना. तुझं ते दीड किलोचं धूड."

वृषालीला आधी रडू येतं की आधी हसू, हे तिला कळत नाही. दोन्ही एकदम येतं, नाकातून विचित्र आवाज निघतो, आणि त्या आवाजाला दिलशाद खळखळून हसते. मान मागं टाकून, पलंगाच्या कडेवर दोन्ही हात टेकून. वृषालीचा संकल्प मोडतो आणि ती वर बघते.

तो चेहरा तिथं नाही. तिथं दिलशाद आहे. हेल्मेटच्या कडेपर्यंत रापलेले गाल, वर कपाळाचा उजळ पट्टा, डोळ्यांतलं काजळ उन्हानं पसरलेलं, वरच्या दातांमधली ती फट जिच्यातून पाण्याची पिचकारी मारून दाखवायला ती ग्रुपमधल्या पोरींच्या लग्नातसुद्धा लाजली नव्हती. वृषाली बघत राहते. बघून तिचं पोट भरत नाही.

"काय बघायलीस?"

"काही नाही."

"मग चल. अम्मा जेवायची थांबली असेल."

त्या गाड्यांवर बसतात का, हे वृषालीला ठाऊक नाही. बसल्या असतील, कारण तिला आरशात बुलेटचा दिवा दिसतोय. कॉरिडॉर उतरणीला लागतो, पांढरा पट्टा वळायला लागतो, भिंतींच्या जागी दोन्हीकडं कारवीची झुडपं आहेत, आणि एका वळणावर रस्ता सरळ अम्माच्या अंगणात शिरतो. अंगणाभोवती जांभ्या दगडाचा बुटका गडगा, माडांच्या मुळाशी ओलं, दोरीवर वाळत घातलेली पांढरी ओढणी. अंगणाच्या पलीकडं लगेच समुद्र आहे. खरा समुद्र घरापासून चांगला चालत जायच्या अंतरावर आहे, हे वृषालीला माहीत आहे. आज तो पायरीपर्यंत आलाय. लाटा येतात आणि चपलांच्या रांगेला हळूच भिजवून परत जातात.

ओटीवर, झोपाळ्याशी, अम्मा चटईवर कलंडलीय. तोंड किंचित उघडं, एक हात गालाखाली. वृषाली दबक्या पावलांनी जाते आणि दिलशादच्या कानाशी कुजबुजते की आईला उठवायचं का.

"हळू कशाला बोलतीस?" दिलशाद मोठ्यानं म्हणते. "मशीन काढून ठेवलंय."

खिडकीच्या फळीवर, अडकित्त्याशेजारी, अम्माचं कानाचं यंत्र ठेवलेलं आहे. मटाराच्या दाण्याएवढं.

त्या दोघी पायरीवर बसतात. पाण्यात पाय सोडून. बूट कुठं गेले कोण जाणे. मग वृषालीला जे खरं विचारायचं आहे ते ती विचारते.

"अम्मांना काय सांगू?"

"ऐकू आलं नाही म्हणून सांग."

"एवढंच?"

"एवढंच खरं आहे न्हवं?"

"त्यांना वाईट वाटेल. इतके दिवस थांबल्यात त्या."

दिलशाद मागं वळून आईकडं बघते. तिच्या चेहऱ्यावर दुःख नाही. आईला झोपलेली बघताना लेकीच्या चेहऱ्यावर जी एक थट्टा असते, तेवढीच आहे.

"माझ्या निकाहात काझी काय म्हणाला ते तिला ऐकू आलेलं नाही," ती म्हणते. "माझी पोरं पहिल्यांदा नानी म्हणाली ते ऐकू आलेलं नाही. ऐकू न येणं काय असतं हे तिला कुणी समजवायची गरज नाही. तू गोलगोल बोलायला लागलीस, तर मात्र तिला लगेच कळेल. ती ओठ बघते."

वृषालीच्या छातीवर इतके महिने जे काही बसून होतं ते उठतं. उठून कुठं गेलं हेही कळत नाही. जीव भांड्यात पडतो म्हणतात तो असा पडत असावा, आवाजसुद्धा न करता. इतकं सोपं होतं तर, असं तिच्या मनात येतं. इतके दिवस ती अम्मासाठी एखादं मोठं वाक्य शोधत होती, आणि ते नव्हतंच.

"आणि हेल्मेटचं?" ती विचारते.

"ते तुझं तू बघ. जेवण झाल्यावर सांग. जेवताना हसली की तिला ठसका लागतो."

लाट येते. पाणी कोमट आहे. वृषाली दिलशादच्या खांद्याला खांदा लावून बसते. दवाखान्यात तिला हात धरायलाही सुई आडवी येत होती. खांदा घट्ट आहे, ऊन खाल्लेल्या कापडाचा आणि पेट्रोलचा वास येतोय.

"चल आमच्याबरोबर," वृषाली म्हणते. "सगळ्या आल्यात."

"व्हा तुम्ही पुढं."

"मागं कोण राहणार मग? तू गेल्यापासून कुणी रहायलाच तयार नाही. सगळ्यांना पुढं पळायचंय."

"मला काय विचारतीस? मी काय जन्मभर तुमच्या मागं हिंडू?" हे बोलून तिला स्वतःचंच हसू येतं, आणि मग ती जरा मऊ होते. "बघा की आपापसात. कुणाला तरी जमेल."

ती हे सहज म्हणते. त्यात आज्ञा नाही, निरोप नाही. वृषाली वाट बघते की आता ती आणखी काही बोलेल, मुलांबद्दल, नवऱ्याबद्दल, तिकडं कसं असतं त्याबद्दल. पण दिलशादचं लक्ष दुसरीकडंच गेलंय. पायऱ्यांच्या कडेला, जिथं मघा समुद्र होता, तिथं आता घाटाचा उतार आहे आणि उतारावर करवंदीची जाळी. काट्यांतून हात घालून ती करवंदं तोडतेय. पिकलेली, काळी, टपोरी. दोन तिच्या तोंडात जातात. एक ती वृषालीपुढं धरते, मुठीत लपवून, नुसतं टोक दाखवत.

"कोंबडा का कोंबडी?"

लहानपणी सगळ्यांनी खेळलेला खेळ. करवंद चावायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढुरकं निघालं तर कोंबडी.

"कोंबडी," वृषाली म्हणते.

"कोंबडा. लाव पैज."

"कशाची?"

"आधी चाव तर."

वृषाली करवंद हातात घेते. देठाशी चीक आलाय, तो बोटांना लागतो. ती अर्धं चावते. आंबटगोड, उन्हानं गरम. ती उरलेलं अर्धं बघायला हात वर करणार, एवढ्यात कुणीतरी तिचा खांदा हलवतं.

"ऊठ गं. चाक झालं."

रेवती. तिच्यामागं फणसाचं झाड, झाडाच्या पानांतून झिरपणारं ऊन. टपरीपुढं पंक्चरवाला पंप गुंडाळतोय आणि गाड्या एकेक करून सुरू होतायत. वृषाली उठून बसते. पाय खाली सोडते. खाली वाळकी पानं आहेत आणि बूट पायातच आहेत.

"बरी आहेस ना?" रेवती विचारते. "झोपेत हसत होतीस."

वृषाली उत्तर द्यायच्या आधी पुन्हा डोळे मिटून बघते. भीतभीत. उजळ कपाळ दिसतं, पसरलेलं काजळ दिसतं, दातांतली फट दिसते. ती डोळे उघडते, परत मिटते. तोच चेहरा. हलत नाही, बदलत नाही, कुठं जायची घाई करत नाही.

"भूक लागलीय," ती म्हणते, आणि ते खरं असतं. "अम्मांकडं गेल्यावर आधी मी बोलतो त्यांच्याशी. जेवणाच्या आधी. मग वाढायला घ्या."

रेवती तिच्याकडं निरखून बघते. नुसती मान डोलावते आणि हात पुढं करते. वृषाली उठायला तिचा हात धरायला जाते तेव्हा तिला समजतं की आपली उजवी मूठ मिटलेली आहे. ती उघडते. बोटं एकमेकांना चिकटलेली आहेत, ती एकेक करून सोडवावी लागतात.

तळहातावर अर्धं करवंद आहे. दातांची खूण नीट दिसतेय. जिभेवर आंबटगोड चव अजून आहे.

करवंदीच्या जाळ्या टपरीच्या मागं, उतारावर आहेत. तशा लांब नाहीत. गाडीवरून उतरल्यावर ती तिकडं गेली असेल. गेल्याचं आठवत मात्र नाही, आणि आठवावं असंही तिला वाटत नाही. ती करवंद उन्हात धरते. आतून लालभडक.

"काय आहे?" रेवती वाकून बघते.

"हरलो," वृषाली म्हणते, आणि उरलेलं अर्धं तोंडात टाकते.